टेबलावर आडवं होण्याआधी

उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काही केल्या निघेनात. मावशी जतकडच्या, वय साठीच्या पुढं, आणि बांगड्या नागपंचमीला घट्ट भरलेल्या. सिस्टरनं साबणाचं पाणी लावून पाहिलं, मग हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तिच्यावरून एकेक सरकवली. चार निघाल्या, दोन अंगठ्याच्या हाडाशी अडल्या. "वाढवू का मावशी?" सिस्टरनं विचारलं. मावशींनी दाराकडं बघितलं. तिथं त्यांचे मालक पिशवी सांभाळत उभे होते. "वाढवा की," ते म्हणाले, "घरी गेल्यावर कासारणीला बोलवू." दोन बांगड्या वाढल्या. मंगळसूत्र मालकांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात गेलं, आणि मावशी मागून नाडी बांधायचा हिरवा गाऊन घालून चाकाच्या खुर्चीत बसल्या.

हा सगळा घोळ मनगटासाठी. अँजिओग्राफी आता बहुतेक ठिकाणी मनगटाच्या धमनीतून होते आणि डॉक्टरांना उजवी बाजू सोयीची पडते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या तोंडापर्यंत एक बारीक नळी न्यायची, तिच्यातून एक्स-रेत दिसणारं औषध सोडायचं आणि ते वाहत असताना चित्रफीत घ्यायची, एवढंच हे प्रकरण. औषधाला सगळे 'डाय' म्हणतात. कापाकापी नाही, टाका नाही, पूर्ण भूल नाही. सरळ प्रकरण असेल तर पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं. तरीही 'उद्या अँजिओ आहे' असा निरोप गेला की गावाहून जीप भरून माणसं येतात.

मिरजेला अशा जिपा नवीन नाहीत. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून सांगली, कोल्हापूर, सोलापूरच नव्हे तर अथणी-चिकोडीकडची माणसंही दुखणं घेऊन या गावाची वाट धरतात. आता अँजिओग्राफीच्या खोल्या, म्हणजे कॅथलॅबही आहेत. त्यांतल्या एका रुग्णालयात परवानगी काढून, शिशाचा एप्रन चढवून उभं राहायला मिळालं. रुग्णांची नावं लिहायची नाहीत, एवढी एकच अट होती.

आदल्या दिवसापासूनची तयारी बहुतेकांना शस्त्रक्रियेसारखी वाटते. काही तास उपाशी राहायचं. सकाळच्या यादीत नाव असेल तर रात्रीचं जेवण शेवटचं. हाताला सलाइनची सुई. रक्ताच्या तपासण्यांत सगळ्यात महत्त्वाची क्रिएटिनिन, कारण डाय शरीराबाहेर जातो तो मूत्रपिंडांवाटे. ती आधीच थकलेली असतील तर डाय कमीत कमी वापरतात आणि आधी-नंतर सलाइन देतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची हे विचारून घ्यावं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर साधारण ४८ तास थांबवून, पुन्हा क्रिएटिनिन बघून सुरू करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच: आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत आणि चालू आहेत हे सांगायला विसरायचं नाही. कोकणातून आलेल्या एका काकांनी "मला कोलंबीची ॲलर्जी आहे, डायमध्ये आयोडीन असतं म्हणे" अशी शंका काढली. कोलंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. पूर्वी सीटी स्कॅनच्या वेळी डायनंच अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर मात्र ते आवर्जून सांगायला हवं.

लाजेचा भाग वेगळाच. मनगटाबरोबर दोन्ही जांघांचे केसही काढतात. "हातातनं करणार म्हणालात, मग हे कशाला?" हा प्रश्न वॉर्डातल्या मामांना दिवसातून अनेकदा ऐकावा लागतो. मनगटातली धमनी बारीक असते, कधी आखडते, कधी वर जाऊन वेडंवाकडं वळण घेते. अशा वेळी मांडीतून जावं लागतं आणि तेव्हा वस्तरा शोधत बसायला वेळ नसतो.

मग संमतिपत्र. मी पाहिलेला कागद इंग्रजीत होता, दोन पानी. मराठी प्रत कपाटात होती, मागितली की मिळत होती. मागत कुणी नव्हतं. "सही कुठं करायची?" एवढाच प्रश्न येत होता. त्या कागदावर धोक्यांची यादी होती. ती वाचून घाबरायला होतं, पण प्रमाण कळलं तर कमी घाबरायला होतं: मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांसारखं गंभीर काही होण्याचं प्रमाण साध्या, ठरवून केलेल्या अँजिओग्राफीत हजारात एक-दोनच्या आसपास असतं. मनगटावर निळं-काळं पडणं त्याहून पुष्कळ जास्त. पण माझी नजर अडली ती धोक्यांच्या खालच्या ओळीवर. 'आवश्यक वाटल्यास त्याच वेळी अँजिओप्लास्टी करण्यास माझी संमती आहे' अशा अर्थाची ती ओळ होती. फोटो काढायच्या सहीत दुरुस्तीची, म्हणजे अरुंद धमनी फुगवून तिथं स्टेंट नावाची जाळी बसवायची, सहीही होऊन गेली होती. तिच्याकडं परत येऊ.

कॅथलॅबचं दार उघडलं की पहिल्यांदा लागते ती थंडी. यंत्रांसाठी खोली गार ठेवतात. पातळ गाऊनमधला माणूस कुडकुडतो आणि ते कुडकुडणं भीतीचं आहे असं त्याला स्वतःलाच वाटायला लागतं. पांघरूण मागावं, देतात. टेबल अरुंद असतं. वर एक्स-रेचं यंत्र मोठ्या कमानीवर बसवलेलं, ते छातीभोवती डावीकडून, उजवीकडून, डोक्याकडून, पायाकडून फिरतं आणि मधेच अगदी नाकाजवळ येतं. ते आपोआप थांबतं, पण हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस मान मागं घेतो. मावशींनी घेतली. "काही लागत नाही मावशी, ते असंच येतं," टेक्निशियन म्हणाला.

उजवा हात फळीवर पसरला. निर्जंतुक करणारं औषध फासलं, अंगावर हिरवी चादर आली, तिला मनगटापाशी भोक. मग जागा बधिर करायचं इंजेक्शन. खरं दुखतं ते एवढंच, आणि तेही दहा-पंधरा सेकंद चरचरतं. त्यानंतर धमनीत सुई, सुईतून तार, तारेवरून छोटी प्लास्टिकची नळी. सुई-तार-नळी हा क्रम स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी १९५३ साली मांडला आणि तो अजून तसाच चालतो. मनगटातल्या या पहिल्या नळीत दोन मिलिमीटर जाडीची लांब नळी मावते. धमनी आखडू नये म्हणून लगेच एक औषध देतात, ते कोपरापर्यंत जळजळत जातं. काही जणांना नळी दंडातून जाताना ओढ लागते. दुखलं तर सांगायचं. गप्प बसून दात-ओठ खायची ही जागा नव्हे.

आणि मग काहीच जाणवत नाही. नळी खांद्यावरून वळते, महाधमनीत उतरते, हृदयाच्या दारात उभी राहते, आणि माणूस छताकडं बघत विचारतो, "सुरू कधी करणार?" मोठ्या धमन्यांना आतून स्पर्शाची जाणीव नसते.

हे पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर कळलं ते वेर्नर फोर्समन या पंचविशीतल्या जर्मन डॉक्टरला. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात त्याला वरिष्ठांनी हा प्रयोग करायला मनाई केली होती. निर्जंतुक हत्यारांची किल्ली गेर्डा डिट्सेन या परिचारिकेकडं. प्रयोग तुमच्यावर करतो असं सांगून त्यानं तिला टेबलाला बांधलं आणि स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेतून मूत्रमार्गासाठीची नळी ६५ सेंटिमीटर आत सरकवली. मग तिला सोडवलं आणि नळी तशीच लोंबत असताना जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला. नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचा फोटो निघाला. शाबासकी दूरच, पुढं त्याला हृदयाचा नाद सोडून मूत्रविकारांकडं वळावं लागलं. १९५६ साली आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं. त्याची वाट शिरेची होती, आजची धमनीची. पण हृदयापर्यंत नळी नेली तरी माणूस मरत नाही, हे जगाला त्या फोटोनं दाखवलं.

हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत मात्र डाय सोडायची हिंमत त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षं कुणाला झाली नाही. त्यानं हृदय जागेवर बंद पडेल अशी सगळ्यांची खात्री होती. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स एका २६ वर्षांच्या तरुणाची तपासणी करत होते. डाय सोडायचा होता महाधमनीत; नळीचं टोक सटकून उजव्या कोरोनरी धमनीत शिरलं आणि भरपूर डाय तिथंच गेला. सोन्स टेबलाखालच्या खड्ड्यात बसून पडदा बघत होते. ते छाती उघडायच्या तयारीनं वर धावले. ठोके थांबले होते. त्यांनी रुग्णाला जोरात खोकायला सांगितलं. तो खोकला आणि हृदय पुन्हा चालू लागलं. त्या गोंधळात हृदयाच्या धमनीचं पहिलं स्वच्छ चित्र हाती आलं होतं. आज एका वेळी डाव्या धमनीत सहा-आठ आणि उजवीत तीन-चार मिलिलिटर डाय सोडतात, आणि तोही पूर्वीपेक्षा सौम्य असतो. तरीही टेबलावर कुणी "खोका काका" म्हणालं तर घाबरू नये. त्या हुकमाला जुनं घराणं आहे.

डाय गेल्यावर छातीत थोडी ऊब, तोंडात जराशी विचित्र चव, एखादा ठोका चुकल्यासारखं वाटणं, एवढंच बहुतेकांना जाणवतं. हृदयाच्या कप्प्यात एकदम जास्त डाय सोडला तर गरम लाट डोक्यापासून जांघेपर्यंत जाते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. पाच-दहा सेकंदांत लाट ओसरते. मधूनमधून हुकूम येतात: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मावशींना श्वास धरणं आणि तोंड मिटणं एकच वाटत होतं. तिसऱ्या वेळी जमलं. एकूण एक्स-रेचा मारा छातीच्या एका साध्या फोटोच्या काही शे पट असतो. एवढ्यानं काही होत नाही, पण दर वर्षी हौसेनं करून घ्यायची ही तपासणी नव्हे. मावशींच्या तिन्ही धमन्या स्वच्छ निघाल्या. छातीत दुखत होतं ते दुसऱ्याच कशानं तरी.

त्यांच्यानंतर तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार टेबलावर आले. चढ चढताना छातीत दडपतं, थांबलं की बरं वाटतं, असं पाच-सहा महिने चाललेलं. पडद्यावर डावी पुढची धमनी दिसली, मध्यावर एका जागी चिमटा काढल्यागत बारीक झालेली. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडं वळवला. बागायतदारांनी बारकाईनं बघितलं. "म्हंजे ठिबकची नळी चोकप झाल्यागत हाय म्हना की."

डॉक्टर हसले, मान डोलावली. मला मात्र वाटतं, या एका उपमेनं अर्धा महाराष्ट्र स्टेंटच्या दिशेनं ढकलला आहे, आणि ती रुग्णांनी शोधली त्यापेक्षा डॉक्टरांनी जास्त वापरली आहे. ठिबकच्या नळीत क्षार साचतात, ॲसिड सोडलं की नळी मोकळी होते, काम संपलं. धमनीतलं चरबीचं किटण पोकळीत साचत नाही. ते भिंतीच्या आत साचतं आणि धमन्यांच्या सगळ्या झाडोऱ्यात थोडंथोडं पसरलेलं असतं. अँजिओग्राफीत भिंत दिसत नाही, फक्त मधून वाहणारा डाय दिसतो. झटका येतो तो बहुतेकदा असं किटण एकाएकी फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरल्यानं, आणि फुटणारी जागा आदल्या दिवशीच्या चित्रात ३०-४० टक्के अरुंद, म्हणजे 'काही विशेष नाही' अशीही असू शकते. ८० टक्क्यांची जागा स्टेंटनं मोकळी केली तरी बाकीच्या भिंती तशाच राहतात. त्यांच्यावर काम करतात त्या गोळ्या, तंबाखू सोडणं, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं.

टक्क्यांचंही असंच. 'ऐंशी टक्के ब्लॉक' हा आकडा ऐकायला तराजूत तोलल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा डोळ्यांचा अंदाज असतो. साधारण ७० टक्क्यांच्या पुढं, आणि डाव्या मुख्य धमनीत ५० टक्क्यांच्या पुढं, अरुंदपणा महत्त्वाचा धरतात. त्याच चित्रावर एक डॉक्टर ६० म्हणेल, दुसरा ७५. शंका असेल तर दाब मोजणारी तार त्या जागेपलीकडं घालून बघता येतं. पलीकडचा दाब अलीकडच्याच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी भरला तर रक्त खरंच कमी पडतंय. त्या तारेचा खर्च वेगळा येतो.

आता ती ओळ. बागायतदार टेबलावरच होते, हातात नळी तशीच. बाहेर बसलेल्या दोन्ही मुलांना काचेपलीकडच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर चित्र थांबवलेलं. "इथं बघा, ऐंशी टक्के आहे. आत्ताच स्टेंट टाकायचा की नंतर?" धाकटा म्हणाला, "टाकून टाका साहेब, रिस्क नको." थोरला म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटंल ते." चित्र बघून झालेलं नव्हतं तोवर निर्णय होत आला होता. ज्याचं हृदय, तो काचेच्या आत छत बघत पडलेला.

हा प्रसंग राज्यात रोज किती खोल्यांत घडत असेल! घरच्यांना पडद्यावरचं काही कळत नाही, कळणारही नाही. त्यांना कळतो तो डॉक्टरांचा चेहरा आणि 'रिस्क' हा शब्द. झटका आलेला असेल तर गोष्ट निराळी. तिथं मिनिटं मोजायची असतात, रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत धमनी उघडायची, आणि तिथं स्टेंट जीव वाचवतो, त्यात वाद नाही. डाव्या मुख्य धमनीचा अरुंदपणा, हृदयाची ताकद घटलेली असणं, गोळ्या घेऊनही न थांबणारं दुखणं, यांचीही गोष्ट निराळी. पण चढावर दुखतं, थांबलं की थांबतं, अशा स्थिर दुखण्यात घाई कशाची? ३७ देशांतल्या ५१७९ रुग्णांवरचा 'इस्केमिया' नावाचा अभ्यास २०१९ च्या अखेरीस मांडला गेला. त्यात भारतातले रुग्णही होते. डाव्या मुख्य धमनीचे रुग्ण वगळून, बाकीच्यांत गोळ्यांबरोबर लगेच अँजिओग्राफी आणि स्टेंट-बायपास केलेले, आणि आधी नुसत्या गोळ्यांवर ठेवलेले, यांच्यात मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं. ज्यांना दुखत होतं त्यांना स्टेंट-बायपासनं आराम जास्त पडला, हेही तितकंच खरं. म्हणजे स्थिर दुखण्यात प्रश्न आरामाचा असतो, आणि आराम किती हवा हे रुग्णानंच सांगायचं असतं. मधुमेह आणि तिन्ही धमन्या अरुंद असतील तर स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरते, हे २०१२ साली १९०० रुग्णांवरच्या 'फ्रीडम' अभ्यासानं दाखवलं. टेबलावर घाईत एक-दोन स्टेंट बसले की ती वाट अवघड होते.

डॉक्टरांची बाजूही आहे आणि ती पोकळ नाही. एकाच वेळी उरकलं तर दुसऱ्यांदा सुई नाही, दुसऱ्यांदा भरती नाही, गावाहून दुसरी जीप नाही. खर्च वाचतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली. त्याआधी तोच लाख-दीड लाखाला पडत होता, आणि टेबलावरच्या घाईला तेव्हा आणखी एक वास होता. आता तो पुष्कळ कमी झालाय. गंमत अशी की सरकारी महात्मा फुले आरोग्य योजनेतल्या रुग्णाला आधी मंजुरी लागते, चित्रं पाठवावी लागतात, म्हणून तो टेबलावरून खाली उतरतो. लोक या थांबण्याला वैतागतात. मला ते रोख पैसे भरणाऱ्यांनाही मिळायला हवं असं वाटतं.

म्हणून संमतीची सही करण्याआधी, अंगावर स्वतःचे कपडे असताना डॉक्टरांना विचारून ठेवावं: ब्लॉक निघाला तर तुम्ही काय करणार, आणि कशासाठी? आराम पडावा म्हणून की जीव वाचावा म्हणून? मला खाली उतरवून बोलाल का? कागदावरची ती ओळ खोडून सही करता येते. चांगला डॉक्टर रागावत नाही.

या डॉक्टरांनी काचेपलीकडून माइक चालू केला. "काका, तुम्हाला काय वाटतं?" मुलं एकमेकांकडं बघायला लागली. आतून आवाज आला, "आत्ता टाकला न्हाई तर मरतोय का?" डॉक्टर म्हणाले, उद्या मरण्यासारखं काही नाही, गोळ्या वाढवून बघता येईल, आराम पडला नाही तर टाकू. "मग छाटणी उरकू द्या," बागायतदार म्हणाले. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर होती, मजूर सांगून ठेवलेले.

नळी निघाली. मनगटावर पारदर्शक पट्टा बांधून त्यात सिरिंजनं हवा भरली. दोन-तीन तासांत ती थोडीथोडी सोडतात. तोवर बोटं हलवायची, पाणी भरपूर प्यायचं. मांडीतून झाली असती तर वीसेक मिनिटं हातानं दाबून धरतात आणि चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडावं लागतं, तेव्हा पाठ मोडून येते. मनगटवाले चहा पितात, स्वतः लघवीला जातात, बहुतेक जण संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. दोन-तीन दिवस त्या हातानं बादली, फवारणीचा पंप, मोटरसायकलची मूठ नाही. घरी रक्त आलंच तर कापूस-हळद शोधू नये. बोटानं घट्ट दाबून आडवं व्हावं आणि थांबत नसेल तर दवाखाना गाठावा. हात टरटरून सुजला, बोटं गार पडली, छातीत दुखलं, बोलताना जीभ जड झाली, लघवी कमी झाली, अंगावर गांधी उठल्या, तर सकाळची वाट पाहायची नाही.

बागायतदारांच्या थोरल्याच्या हातात फाइल पडली: अहवाल, धमन्यांचं हातानं काढलेलं चित्र आणि एक सीडी. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर खरं काम या सीडीचं. त्यातली चित्रफीत बघितल्याशिवाय कोणी शहाणा डॉक्टर बोलत नाही. थोरल्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. "ही लावायची कशात? लॅपटॉपला आता खाचच नसते." टेक्निशियननं मोबाइलवर पडद्याचे फोटो काढून घ्यायला सुचवलं, पण थांबलेल्या फोटोत वाहणं दिसत नाही. शेवटी धाकटा खालच्या मेडिकलशेजारच्या दुकानातून पेनड्राइव्ह घेऊन आला. फाइल भरायला सहा-सात मिनिटं लागली. तेवढ्यात वडिलांनी बागेत फोन लावला होता.